साच्याच्या आतून

कोल्हापुरातल्या एका सरकारी रुग्णालयाच्या अस्थिरोग विभागात मी ३१ वर्षे प्लास्टर घालण्याचे काम केले. डॉक्टर हाड बसवीत असताना रुग्णाचा हात किंवा पाय उचलून धरायचा, त्यावर कापूस गुंडाळायचा, रोल भिजवायचा आणि प्लास्टर चढवायचे, हा माझा रोजचा दिनक्रम होता. त्यामुळे निवृत्तीनंतर दुसऱ्याच वर्षी, अंगातले एकही हाड मोडलेले नसताना, माझ्या स्वतःच्या अंगावर प्लास्टर चढवून घेण्याची वेळ येईल असे मला कधी वाटले नव्हते.

एका जुन्या सहकाऱ्याच्या ओळखीने एक तरुण शिल्पकार माझ्याकडे आली होती. ओपीडीच्या बाकावर आपला नंबर येण्याची वाट पाहत बसलेली पाच माणसे, असे एक शिल्प तिला करायचे होते, आणि ती पाचही माणसे मातीत न घडवता जिवंत माणसांच्या अंगावरून साचे घेऊन करायची होती. प्लास्टरच्या बँडेजचा रोल किती वेळ भिजवायचा, किती पिळायचा, चुण्या न पडता तो कसा फिरवायचा, एवढे शिकायलाच ती आली होती. मी तिला दोन तास सगळे करून दाखवले आणि दमून बाजूच्या स्टुलावर बसलो. दोन्ही कोपरे मांड्यांवर, हात गुडघ्यांच्या मध्ये सैल सोडलेले आणि मान किंचित खाली, अशी माझी बसण्याची जुनी सवय आहे. ती बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, ‘‘काका, असेच बसाल का? तुमचाच साचा घेऊ द्या मला.’’

होकार द्यायला मला आठवडा लागला. उघड्या अंगाने कोणासमोर बसण्याचा संकोच होताच, पण त्याहून मोठी अडचण अशी होती की आयुष्यभर मी प्लास्टरच्या बाहेरच्या बाजूला उभा होतो आणि आत असलेल्या माणसाला किती भीती वाटते हे मी रोज पाहिलेले होते. शेवटी आम्ही सगळ्या गोष्टी कागदावर मांडल्या. कमरेला अर्धी चड्डी राहील. प्रदर्शनात माझे नाव लिहिले जाणार नाही. साच्यातून दोनच प्रती काढल्या जातील. बैठकीच्या वेळी काढलेली छायाचित्रे मला दाखवल्याशिवाय वापरली जाणार नाहीत. मानधन तासावर नव्हे तर बैठकीवर मिळेल, म्हणजे साचा बिघडला तरी माझे पैसे बुडणार नाहीत. एक अट माझी स्वतःची होती. प्लास्टर अंगावर असेपर्यंत मला एकट्याला सोडून कोणीही खोलीबाहेर जाणार नाही. या कामासाठी मॉडेल म्हणून बसू इच्छिणाऱ्या प्रत्येकाने ही अट घालावी असे माझे ठाम मत आहे, कारण प्लास्टर घट्ट झाल्यावर माणूस स्वतःच्या हाताने ते सोडवू शकत नाही.

ज्या बँडेजने मी हजारो हाडे सांधताना पाहिली, त्याच बँडेजचा शिल्पकलेशी जुना संबंध आहे, हे मला तिच्याकडून कळले. कापडात प्लास्टरची पूड भरून ऐन वेळी ते भिजवण्याची युक्ती आंतोनियस माथाइसेन या डच लष्करी शल्यचिकित्सकाने १८५२ मध्ये प्रसिद्ध केली, एवढे मला माझ्या प्रशिक्षणापासून ठाऊक होते. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी, १९६१ मध्ये, जॉर्ज सीगल या अमेरिकन शिल्पकाराच्या हाती हीच रुग्णालयातली बँडेजे लागली आणि त्याने पत्नीच्या मदतीने ती आधी स्वतःच्याच अंगावर गुंडाळून पाहिली. पुढे त्याने आपल्या मित्रांचे, नातेवाइकांचे आणि शेजाऱ्यांचे साचे घेतले आणि त्या पांढऱ्या माणसांना खऱ्या खुर्चीवर, खऱ्या टेबलाशी बसवले. वॉशिंग्टनमधल्या रूझवेल्ट स्मारकात मंदीच्या काळात पावासाठी रांगेत उभी असलेली पाच माणसे आहेत, तीही त्याचीच. आमच्या शिल्पकाराच्या मनात ओपीडीचा बाक कुठून आला असावा, हे ती छायाचित्रे पाहिल्यावर मला उमगले.

पहिल्या बैठकीत छाती, पाठ आणि दंड घ्यायचे होते. तिचा स्टुडिओ म्हणजे पत्र्याची एक लांब शेड; मध्यभागी एका जुन्या दवाखान्यातून आणलेला लाकडी बाक ठेवलेला होता. बाक खराच राहणार होता, त्यामुळे मांडीचा बाकाला टेकणारा भाग घेण्याची गरज नव्हती. बसल्यावर सर्वांत आधी आमचा अर्धा तास गेला तो नुसते बसायचे कसे हे ठरवण्यात. दोन मिनिटांसाठी कोणीही कसेही बसू शकतो, पण प्लास्टर चढवायला सुरुवात केल्यापासून ते निघेपर्यंत ४० मिनिटे तरी जातात आणि तेवढा वेळ जी ठेवण टिकत नाही ती साच्यात खोटी उतरते. मी सुरुवातीला पाठ जरा ताठ ठेवली होती. ती म्हणाली, ‘‘काका, तुम्ही आता फोटोला बसल्यासारखे बसलाय. नंबर अजून लांब आहे असं धरा.’’ तेव्हा मला आमच्या ओपीडीतली माणसे आठवली. सकाळी आठला केसपेपर काढून बाराला आत जाणारा माणूस पहिल्या तासात दाराकडे पाहतो, दुसऱ्या तासात शेजाऱ्याशी बोलतो आणि त्यानंतर त्याचे सगळे वजन हळूहळू कोपरांवर उतरते. मी ते वजन उतरू दिले, तेव्हा ती ठेवण जमली.

मग तिने खांद्यावरून दंडाच्या बाजूने खाली पेन्सिलीने एक रेघ मारली. साचा या रेघेवर दोन भागांत उघडणार होता. रुग्णालयात आम्ही हातपाय चहूबाजूंनी गुंडाळून टाकतो आणि काढताना विजेच्या करवतीने कापतो. त्या करवतीचे पाते फिरत नाही, नुसते थरथरते, म्हणून आतला कापूस आणि कातडी वाचते. इथे आत कापूसच नसतो. त्यामुळे आधी पुढचा भाग करून त्याची कड सुकू द्यायची, त्या कडेला व्हॅसलीन लावायचे आणि मग मागचा भाग त्यावर थोडा चढवून घ्यायचा, म्हणजे नंतर दोन्ही भाग कापावे न लागता सुटे होतात. काखेत, कोपराच्या बेचक्यात, जिथे अंग आत वळते तिथे प्लास्टर अडकून बसते. तेवढ्या जागा ती ओल्या शाडूने भरून घेत होती.

व्हॅसलीनचे काम तर मला स्वतःच्या अंगावर शिकावे लागले. छातीवरचा प्रत्येक केस कातडीला चिकटून बसला पाहिजे, इतके ते लावावे लागते, आणि तरीही बोटांचे ओरखडे राहू द्यायचे नाहीत, कारण साच्यात तेही उमटतात.

पहिली पट्टी तिने माझ्या गळ्याखाली ठेवली, तेव्हा पाणी कोमट असूनही अंगावर शहारा आला. पाच-सहा पट्ट्यांनंतर थंडी गेली आणि वजन जाणवू लागले. साधारण दहाव्या मिनिटाला ऊब आली. ही ऊब कशाची, हे मी कित्येक घाबरलेल्या आयांना समजावून सांगितले होते: जिप्सम नावाचा दगड भाजला की त्यातले बहुतेक पाणी उडते आणि प्लास्टरची पूड तयार होते, त्या पुडीला पाणी मिळाले की ती पुन्हा दगड होऊ लागते आणि भाजताना घेतलेली उष्णता परत देते. समजावणे वेगळे आणि ती उष्णता दोन्ही खांद्यांवर एकदम पसरताना अनुभवणे वेगळे. कोणीतरी उन्हात वाळवलेली जाड गोधडी पाठीवर टाकावी तसे काहीसे वाटले. मग ती ऊब ओसरली आणि ओल्या दगडाचा गारवा अंगात शिरू लागला. त्याच वेळी माझ्या लक्षात आले की श्वास घेताना छाती आता पुढे जात नाही, ती प्लास्टरला आतून टेकून परत येते.

श्वासाबद्दल तिने आधीच बजावले होते. छाती फुगवून बसले तर नंतर श्वास सोडताच आत पोकळी पडते आणि छाती कोणा पहिलवानाची उमटते. श्वास सोडून बसले तर साचा आवळतो आणि माणूस घाबरतो. नेहमीचा, बारीक, मधला श्वास धरायचा. हे सांगायला सोपे आहे, पण आपल्या श्वासाकडे ४० मिनिटे लक्ष द्यायचे आणि तरीही तो बदलू द्यायचा नाही, हे मला त्या दिवशीचे सर्वांत अवघड काम वाटले. मॉडेलने नुसते बसायचे असते असे मानणाऱ्यांनी हा प्रयोग एकदा करून पाहावा. मी पायाची बोटे सारखी हलवत होतो, कारण फार वेळ एका जागी निश्चल राहिले की रक्त पायात साचते आणि भोवळ येते. उभ्याने साचा देणाऱ्यांनी तर गुडघे कधीच ताठ करू नयेत.

एका गोष्टीबद्दल मी तिला त्याच दिवशी शब्द द्यायला लावला. बँडेजचे तीन-चार पदर घालणे आणि बादलीत दाट प्लास्टर कालवून त्यात हात बुडवणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. जाड थरातली उष्णता बाहेर पडत नाही. २००७ मध्ये इंग्लंडमधल्या एका शाळेत कलेच्या तासाला १६ वर्षांच्या एका मुलीने आपल्या हातांचा ठसा घेण्यासाठी ते प्लास्टरच्या बादलीत बुडवले. प्लास्टर घट्ट होऊन हात अडकले, आत भाजले आणि तिला बहुतेक बोटे गमवावी लागली. आपल्याकडे गणपतीच्या दिवसांत पीओपीची पोती सहज मिळतात आणि हौसेने हाताचे ठसे घेणारेही पुष्कळ दिसतात, म्हणून हे मुद्दाम लिहितो.

दुसरी बैठक पायांची होती आणि त्यात माझी स्वतःचीच चूक झाली. गुडघ्यामागच्या खळग्यात व्हॅसलीन लावायला तिच्या मदतनीस मुलाला वाकावे लागत होते. त्याची अडचण पाहून मी ‘‘पुरे, तिथे फारसं काही नसतं,’’ असे म्हणालो. पोटरीवरचा साचा सोडवताना डाव्या गुडघ्यामागे रुपयाएवढ्या जागेतले केस प्लास्टरमध्ये घट्ट बसलेले निघाले. तिने हात लगेच थांबवला, कोमट पाण्याची चिंधी आत सरकवली आणि केस एकेक करून कात्रीने कापले. त्याला २० मिनिटे लागली. ओढून काढले असते तर दोन सेकंदांत झाले असते, पण कातडी सोलवटली असती आणि पोटरीचा साचाही तडकला असता. तिचा तो धीर पाहिल्यावर मला तिच्याबद्दल पूर्ण विश्वास वाटू लागला.

साचा वाळेपर्यंत आम्ही चहा घेत बसलो होतो, तेव्हा मी मनातली शंका विचारली. अंगावर प्लास्टर लावले, काढले, त्यात पुन्हा प्लास्टर ओतले, तर यात शिल्पकाराचे काय? तिने मला रोदँ या फ्रेंच शिल्पकाराची हकिकत सांगितली. १८७७ मध्ये त्याने ‘ब्राँझयुग’ या नावाने ओळखला जाणारा पूर्णाकृती पुतळा प्रदर्शित केला, तेव्हा तो इतका जिवंत वाटला की हा मातीत घडवलेलाच नाही, मॉडेलच्या अंगावरून साचा घेतलेला आहे, असा आरोप झाला. मॉडेल होता ओगुस्त नेत नावाचा तरुण बेल्जियन सैनिक. आपण हाताने घडवले हे सिद्ध करण्यासाठी रोदँने त्या सैनिकाची छायाचित्रे आणि त्याच्या अंगाचे खरे साचे जमवले, म्हणजे दोन्ही शेजारी ठेवून फरक दाखवता येईल. पुढे १८८० मध्ये फ्रेंच सरकारने तो पुतळा विकत घेतला. त्या काळी साचा घेणे म्हणजे चोरी होती.

मी ही हकिकत घरी जाऊनही घोळवत राहिलो आणि माझे मत असे झाले की रोदँला जो फरक दाखवायचा होता तो खरा आहे, पण त्याने साचा खालच्या दर्जाचा ठरत नाही. अंगावरच्या साच्यात मांस थोडे दबते, डोळे मिटलेले असतात, कातडी प्लास्टरच्या वजनाने किंचित खाली ओढली जाते. हाताने घडवणारा शिल्पकार ते सगळे उचलून धरतो. ज्याला वाट पाहणाऱ्या माणसाचे वजनच दाखवायचे आहे, त्याला मात्र तेच हवे असते. माझी ठेवण निवडणे, रेघ कुठे मारायची ते ठरवणे, ताठ पाठ ओळखून ती सैल करायला लावणे, यात तिची कला होती. आणि ती ठेवण ४० मिनिटे खरी ठेवणे हे माझे काम होते.

तिसऱ्या बैठकीला हात आणि चेहरा घेतले. इथे बँडेज थेट लावले नाही. दातांचे डॉक्टर माप घेताना वापरतात ते अल्जिनेट, समुद्री शेवाळापासून बनणारी एक पूड, थंड पाण्यात कालवून लावले. ते रबरासारखे घट्ट होते, केसांना धरत नाही आणि नखाभोवतीची बारीक कातडीसुद्धा उतरवून घेते, पण स्वतःच्या बळावर उभे राहत नाही, म्हणून त्यावर प्लास्टर बँडेजचे कवच द्यावे लागते. शिवाय ते पाणी सोडून आकसते, त्यामुळे साचा निघाल्याबरोबर त्यात प्लास्टर ओतावे लागते. हातांचे काम पटकन झाले, त्याबद्दल विशेष सांगण्यासारखे नाही.

चेहऱ्याचे मात्र आहे. सुमारे १४०० सालच्या इटलीत चेन्निनो चेन्निनी या चित्रकाराने जिवंत माणसाच्या चेहऱ्याचा साचा घेण्याची पद्धत लिहून ठेवली आहे. तो नाकपुड्यांत धातूच्या नळ्या घालायला सांगतो आणि चेहरा एखाद्या मोठ्या सरदाराचा असेल तर प्लास्टर कोमट गुलाबपाण्यात कालवा असेही सुचवतो. आमच्याकडे नळ्या नव्हत्या. नळीने नाकाचा आकार बिघडतो आणि धक्का लागला तर इजा होते, म्हणून तिने नाकपुड्या मोकळ्या ठेवल्या आणि मदतनीसाला फक्त त्या दोन भोकांवर नजर ठेवण्याचे काम दिले. माझ्या मिशीवर व्हॅसलीनचा जाड थर बसला. बोलता येणार नव्हते, म्हणून खुणा ठरल्या: एक बोट वर म्हणजे ठीक, दोन म्हणजे लवकर आटपा, मूठ उघडली की ताबडतोब काढा.

डोळ्यांवर ते गार दाट मिश्रण आले आणि उजेड संपला. कानांवर आले तेव्हा शेडवरचा पावसाचा आवाज एकाएकी दूर गेला आणि त्या जागी माझ्याच छातीतले ठोके ऐकू येऊ लागले. मग वर बँडेज चढले आणि चेहरा जड झाला. मला भीती वाटली. नाकातून हवा नीट येत होती, तरी मन मानेना. मी दोन बोटे वर केली. तिने काही न बोलता माझा डावा हात आपल्या हातात घेतला आणि अंगठ्याने दर काही सेकंदांनी हलकेच दाबत राहिली. प्लास्टर खोलीत लहान मुलांचे हात मी असेच धरायचो. त्या दाबाची लय मोजत मी उरलेली सात-आठ मिनिटे काढली. शेवटी तिने गाल फुगवायला सांगितले, चेहऱ्याचे सगळे स्नायू हलवायला सांगितले आणि साचा आपण होऊन सुटून तिच्या ओंजळीत आला.

त्यानंतरचे काम तिचे होते, पण मी रोज जाऊन बसायचो. साच्याचे भाग आतून साबणाच्या पाण्याने पुसून, जोडून, त्यात पातळ प्लास्टरचा पहिला हात फिरवला गेला. त्यावर बापट कॅम्पातल्या कुंभारांकडून आणलेला काथ्या प्लास्टरमध्ये बुडवून थापला, म्हणजे मूर्ती आतून पोकळ आणि तरी मजबूत राहते. हात धुतलेले पाणी बेसिनमध्ये न ओतता बादलीत निवळू द्यायचे, नाहीतर पाइपात दगड होतो, ही शिस्त तिला मी लावली.

साचा उघडला त्या दिवशी तिने मला मुद्दाम बोलावले होते. बँडेजचे पदर सुटत गेले आणि आतून पांढरी पाठ बाहेर आली. माझी पाठ मी कधी पाहिलेली नव्हती. उजव्या खांद्यापेक्षा डावा खांदा दोन बोटे खाली होता आणि मानेजवळ स्नायूची एक जाड वळी होती. रुग्णाचा पाय उचलून मी नेहमी डाव्या खांद्यावर टेकवून धरायचो, म्हणजे प्लास्टर फिरवायला दोन्ही हात मोकळे राहतात. ते त्या खांद्यात उतरलेले होते. दंडावर देवीच्या लशीचा गोल व्रण उमटला होता, आतल्या बारीक रेघांसकट. मी त्यावरून बोट फिरवले, मग शर्टाची बाही वर करून स्वतःच्या दंडावरून फिरवले. शिल्पकार म्हणाली, ‘‘खांदा सरळ करायचा का, असं मदतनीस विचारत होता. मी नको म्हटलं. तुम्हाला चालेल ना?’’ मी चालेल म्हणालो. मला बोलायला थोडा वेळ लागला.

बाकावर आता तीन माणसे बसली आहेत. चौथ्या मॉडेलची बैठक गेल्या महिन्यात झाली. सत्तरीतल्या एक आजी होत्या, नातवाला घेऊन आल्या होत्या आणि शेडच्या दारातच थबकल्या होत्या. शिल्पकाराने मला विचारले की काका, यांचे पाय तुम्ही कराल का. मी आजींना माझी पांढरी मूर्ती दाखवली, बाकावर तिच्या शेजारी बसवले, खुणा समजावल्या आणि त्यांच्या नातवाला त्यांचा हात धरून बसायला सांगितले. दोन्ही गुडघ्यांच्या मागे मी व्हॅसलीन दोनदा लावले. मग बादलीतले पाणी कोपराने तपासून पहिला रोल त्यात सोडला आणि बुडबुडे थांबण्याची वाट पाहू लागलो.